मुलाला पत्र कोणी पाठवावे?

ऑलिंपियाडची नोंदणी, क्लासची टेस्ट सिरीज, बुद्धिबळाची स्पर्धा, गेमचा अकाउंट: बारा-तेरा वर्षांच्या मुलाला यांतले काहीही करायचे असले की आधी ई-मेलचा पत्ता विचारला जातो. घरातले कोणीतरी पाच मिनिटांत तो काढून देते. त्या क्षणापासून जगातला कोणीही त्या मुलाला लिहू शकतो आणि त्यासाठी त्याला ना मुलाची परवानगी लागते, ना आईबापांची. मुलांनी पडद्यावर काय पाहावे, किती वेळ पाहावे यावर आपल्याकडे भरपूर बोलले जाते. मुलाला कोणी लिहावे, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. अमेरिका-युरोपात मात्र ही चर्चा कित्येक दशके चालू आहे. तिच्यात न्यायालये उतरली, राज्य सरकारांनी प्रयोग केले, कंपन्यांनी सोयी दिल्या आणि पुढे काढूनही घेतल्या. ती आज कुठे येऊन थांबली आहे, त्याचा हा आढावा.

या चर्चेत तीन निरनिराळ्या गोष्टी सतत एकमेकींत मिसळतात. मुलाला कोण लिहू शकेल हे ठरवणे ही एक. कोणत्या प्रकारचा मजकूर आत येऊ द्यायचा, ही दुसरी. आणि आत आलेले पत्र मुलाशिवाय आणखी कोणी वाचायचे, ही तिसरी. यांतली एक करायला दुसरी करावीच लागते असे नाही. तरीही बाजारात मिळणारी बरीच साधने तिन्ही एकाच बटणात देतात. पालकांचे आणि मुलांचे निम्मे भांडण तिथेच सुरू होते, असे मला वाटते.

टपालाच्या काळातले दोन निकाल

घरी आलेले पत्र कोणी फोडायचे, हा प्रश्न ई-मेलपेक्षा पुष्कळ जुना आहे. दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत मराठी मध्यमवर्गीय घरात पोस्टकार्ड सगळ्यांनी वाचायचे असे. आंतर्देशीय पत्र बहुधा वडीलधारे फोडत. मुलीच्या नावाने अनोळखी अक्षरातले पाकीट आले तर आधी चौकशी होई. त्यात काळजी होती आणि वचकही होता. मुलाचा पत्रव्यवहार ही त्याची स्वतःची बाब आहे, हा विचार आपल्याकडे उशिरा आला आणि अजून पुरता रुजलेला नाही. आजच्या पालकांना मुलाचा इनबॉक्स उघडून पाहण्यात काहीच वावगे वाटत नाही, याचे एक कारण या सवयीत आहे.

अमेरिकेत या प्रश्नाला कायद्याचे रूप आले ते अश्लील जाहिरातींमुळे. १९६७ च्या एका कायद्याने टपाल मिळणाऱ्याला अधिकार दिला की, एखाद्या विक्रेत्याची जाहिरात आपल्याला कामोत्तेजक वाटली तर त्याने टपाल खात्याला तसे कळवावे, आणि मग विक्रेत्याला त्याचे नाव यादीतून काढावेच लागेल. घरात राहणाऱ्या, एकोणीस वर्षे पूर्ण न झालेल्या मुलांची नावेही त्याच आदेशात घालून घेता येत. विक्रेत्यांनी आव्हान दिले. १९७० मध्ये रोवन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. पाठवणाऱ्याला बोलण्याचा हक्क आहे, पण ऐकायची इच्छा नसलेल्याच्या टपालपेटीपाशी तो हक्क संपतो, असा त्या निकालाचा आशय होता. या कायद्यात मजकूर आक्षेपार्ह आहे की नाही हे सरकार ठरवत नव्हते, घर ठरवत होते. तो टिकला त्यात या रचनेचा मोठा वाटा होता.

तेरा वर्षांनी, १९८३ मध्ये, बोल्जर खटला आला. न मागता पाठवलेल्या संततिनियमनाच्या जाहिरातींवर टपालात सरसकट बंदी होती आणि तिचे समर्थन करताना सरकारने पालकांची अडचण पुढे केली होती. न्यायालयाने बंदी रद्द केली. पेटीत येणारे सगळे टपाल लहान मुलांना शोभेल इतकेच ठेवता येणार नाही, आणि आपल्या घरापुरते थांबवण्याचा मार्ग पालकांना आधीच मोकळा आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. हे दोन निकाल शेजारी ठेवले की चौकट स्पष्ट दिसते. कुटुंबाला दार लावता येते, सरकारला सगळ्या गावासाठी ते लावता येत नाही. पुढची बहुतेक सगळी वादावादी या चौकटीतच झाली.

पाठवणाऱ्याचे नाव

टपालातला विक्रेता निदान सापडत होता. ई-मेलमध्ये तेही अवघड झाले, आणि त्याचे मूळ ई-मेलच्या रचनेत आहे. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर संदेश पाठवला तेव्हा अर्पानेट हे जाळे संशोधकांचे होते. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी हा पत्र पोचवण्याचा नियमसंच लिहिला, तेव्हाही वापरणारे थोडे आणि बहुतेक एकमेकांना माहीत असलेले होते. त्यामुळे पाठवणारा स्वतःचे जे नाव सांगेल ते खरे मानायचे, अशीच व्यवस्था झाली. न मागितलेली जाहिरात त्याआधीच, १९७८ मध्ये, अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना गेली होती. मुले हे जाळे वापरतील ही कल्पना त्या काळी कोणाच्या डोक्यात असण्याचे कारणच नव्हते.

पालकाच्या दृष्टीने याचा परिणाम मोठा आहे. ठरावीक लोकांनीच मुलाला लिहावे अशी यादी केली, तरी यादीतले नाव लावून दुसराच कोणी लिहू शकत असेल तर यादीचा उपयोग काय? ही उणीव गेल्या वीस वर्षांत हळूहळू भरून काढण्यात आली. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन पद्धतींनी पत्र खरोखर त्याच डोमेनवरून आले आहे का, हे पडताळता येते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने (जीमेलच्या बाबतीत दिवसाला पाच हजारांहून अधिक) पत्रे पाठवणाऱ्यांना अशी पडताळणी सक्तीची केली. शाळेच्या नावाने येणारे बनावट पत्र ओळखणे आता बरेच सोपे झाले आहे.

पण या पद्धतींना डोमेन कळते, माणूस कळत नाही. आज सकाळी खोट्या नावाने काढलेला जीमेलचा पत्ता या सगळ्या चाचण्यांत बिनतक्रार उत्तीर्ण होतो. वर्गमैत्रिणीच्या खऱ्या खात्यावरून तिचा मोठा भाऊ लिहीत असेल, तर तेही कोणत्या यंत्राला कळणार नाही.

मजकूर गाळणाऱ्या फिल्टरांचीही मर्यादा अशीच आहे. २००२ मध्ये पॉल ग्रॅहॅम यांनी शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखण्याची पद्धत मांडली आणि तिथून फिल्टर झपाट्याने सुधारले. एकसारखी पत्रे लाखोंना जातात, तेव्हा त्यांतला नमुना पकडता येतो. लॉटरी, कर्ज, अश्लील चित्रांचे दुवे यांचा बहुतेक भाग आज मुलांपर्यंत पोचत नाही, हे या फिल्टरांचे मोठे काम आहे. एकाच मुलाला उद्देशून, त्याच्या आवडीनिवडी जाणून, गोड भाषेत लिहिलेल्या पत्रात मात्र असा नमुना नसतो. पालकांना सर्वांत जास्त भीती ज्या पत्राची वाटते, तेच फिल्टरला सर्वांत निरुपद्रवी दिसते. उत्पादनांच्या जाहिरातींत हे सांगितले जात नाही. ते स्पष्ट सांगायला हवे.

आलेल्या आणि गेलेल्या सोयी

घरगुती नियंत्रणाची कल्पना सर्वांत आधी मोठ्या प्रमाणावर अमेरिका ऑनलाइन म्हणजे एओएलने राबवली. नव्वदच्या दशकात तिथे पालकाच्या खात्याखाली मुलाचे वेगळे नाव काढता येई. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचा स्वतंत्र गट होता, आणि मुलाला सगळ्यांची पत्रे यावीत, ठरावीक लोकांचीच यावीत की कोणाचीच येऊ नयेत, हे पालक ठरवू शकत. जोडलेली चित्रे अडवण्याचीही सोय होती. २००५ मध्ये अॅपलने मॅकवरच्या मेलमध्ये परवानगीची यादी आणली. तिच्यातला एक तपशील मला आजही नीट विचार केलेला वाटतो. यादीबाहेरच्या कोणाला मुलाने लिहायचे ठरवले तर पालकाकडे परवानगीचे पत्र जाई. म्हणजे नवी ओळख मूल सुचवणार आणि मोठे माणूस तिला होकार देणार. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज लाइव्ह फॅमिली सेफ्टीमध्येही मुलाच्या संपर्कांना पालकांनी मान्यता देण्याची सोय होती.

या सोयी टिकल्या नाहीत. २०१९ मध्ये मॅकवर स्क्रीन टाइम ही नवी नियंत्रणाची सोय आली आणि मेलची ती यादी गेली. त्याच वर्षाअखेरीस आयफोनवर संपर्कमर्यादा आल्या, पण त्या फोन, फेसटाइम आणि मेसेजेसपुरत्या. गूगलच्या फॅमिली लिंकमधून लहान मुलाला जीमेल देता येते. त्यात जाहिराती नसतात, पत्रे आपोआप पुढे धाडता येत नाहीत, आणि स्पॅम ठरलेले पत्र मुलाच्या स्पॅमच्या कप्प्यातही येत नाही. पण अमुक दहा जणांचीच पत्रे येऊ द्या, असे पालकाला त्यात सांगता येत नाही. ते हवे असेल तर मुलांसाठीच चालवल्या जाणाऱ्या छोट्या सशुल्क सेवांकडे जावे लागते.

शाळांची स्थिती याच्या उलट आहे. गूगल वर्कस्पेसच्या शालेय आवृत्तीत ठरावीक पत्त्यांशी किंवा डोमेनांशीच विद्यार्थ्यांचा पत्रव्यवहार होऊ द्यायचा, अशी सोय व्यवस्थापकाला उपलब्ध आहे. ऑगस्ट २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने गूगल क्लासरूमचा उपक्रम सुरू केला. अनेक खासगी शाळांनीही त्याच सुमारास आपापली खाती मुलांना वाटली. आयुष्यातला पहिला ई-मेल पत्ता शाळेकडून मिळालेली मुले त्यामुळे पुष्कळ आहेत. पण आपल्या मुलाच्या शाळेने ही मर्यादा लावली आहे की नाही, हे पालकसभेत विचारले जात नाही. ज्याच्या हातात खरे साधन आहे त्याला कोणी विचारत नाही, आणि विचारायला तयार असलेल्या पालकाच्या हातात साधन नाही.

युटा आणि मिशिगनची नोंदवही

सरकारने केलेल्या प्रयोगांत सर्वांत बोलका प्रयोग अमेरिकेतल्या युटा आणि मिशिगन या दोन राज्यांचा आहे. दोघांनीही २००४ मध्ये कायदे केले आणि २००५ मध्ये नोंदवह्या उघडल्या. पालकाने मुलाचा पत्ता तिथे नोंदवायचा. मद्य, तंबाखू, जुगार, अश्लील साहित्य अशा, मुलांना विकणे बेकायदा असलेल्या वस्तूंची जाहिरात पाठवणाऱ्याने दरमहा शुल्क भरून आपली यादी नोंदवहीशी ताडून पाहायची आणि जुळणारे पत्ते गाळायचे. न गाळल्यास शिक्षा. रोवन निकालातला विचार ई-मेलला लावण्याचा हा प्रयत्न होता.

बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवाद सरळ होता. प्रत्येक आईने तांत्रिक सेटिंग शिकावे ही अपेक्षा अन्याय्य आहे. अशा पत्रांतून पैसा पाठवणारा मिळवतो, तेव्हा काळजी घेण्याचा खर्चही त्यानेच करावा. नोंदवही चालवणाऱ्या अनस्पॅम कंपनीचे म्हणणे असे की, पत्ते उलट वाचता येणार नाहीत अशा सांकेतिक रूपात ठेवले जातात, त्यामुळे यादी कोणाच्या हाती लागणार नाही. या कंपनीचे प्रमुख मॅथ्यू प्रिन्स पुढे क्लाउडफ्लेअरचे सहसंस्थापक झाले.

विरोध दोन दिशांनी आला. प्रौढ मनोरंजन उद्योगाच्या फ्री स्पीच कोअॅलिशन या संघटनेने युटाच्या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले. २००७ मध्ये न्यायालयाने अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. दुसरा विरोध अनपेक्षित ठिकाणाहून आला. ग्राहकांचे रक्षण करणे हेच ज्याचे काम, त्या फेडरल ट्रेड कमिशनने २००५ मध्ये, इलिनॉय राज्यात असाच कायदा येऊ घातला तेव्हा, धोक्याची सूचना दिली. पाठवणारा आपली लांबलचक यादी ताडून पाहतो आणि त्यातले काही पत्ते गळतात. गळलेले पत्ते मुलांचे आहेत, हे त्याला तेव्हाच कळते. मुलांना वाचवण्यासाठी केलेली यादी मुले कुठे आहेत ते सांगणारी यादी होऊ शकते. आयोगाने २००४ च्या अहवालातही देशव्यापी 'ई-मेल नको' नोंदवहीला नकार दिला होता. पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची व्यवस्था आधी उभी राहू द्या, नाहीतर कायदा पाळणारे पाळतील आणि स्पॅमवाल्यांना चालू पत्त्यांचा साठा मिळेल, असे त्याचे म्हणणे होते. मुलांच्या खात्यांचे काय, याचे उत्तर द्यायला संसदेने २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यातच आयोगाला सांगितले होते, म्हणजे प्रश्न दुर्लक्षित नव्हता.

दोन्ही नोंदवह्या पुढे चालू राहिल्या, पण देशभर ही पद्धत पसरली नाही. आपल्याकडे व्यावसायिक फोन आणि एसएमएस नको असल्याची नोंद करायची सोय २००७ पासून आहे. तिच्या जोडीला ई-मेलचीही नोंद हवी, अशी सूचना कोणी पुढे आणली, तर युटा-मिशिगनचा हा धडा समोर ठेवूनच तिच्यावर बोलावे लागेल.

पालकांचा हक्क, मुलाचा हक्क

ठरावीक लोकांनीच मुलाला लिहावे, अशा यादीच्या बाजूचे लोक सांगतात की, नऊ वर्षांच्या मुलाला रस्त्यावरच्या अनोळखी माणसाबरोबर आपण पाठवत नाही, मग त्याच्या खात्याला जगभराचे दार का असावे? या वयात यादी ही शिक्षा नसते. आजी, मावशी, दोन मित्र आणि वर्गशिक्षिका यांच्यापलीकडे त्या मुलाचा पत्रव्यवहार नसतोच. न्यू जर्सीत राहणाऱ्या नातवाला पुण्यातल्या आजीने मराठीत चार ओळी लिहाव्यात, एवढ्यासाठीच कित्येक घरांत मुलाचे खाते उघडले जाते. अशा खात्याला यादी लावली तर कोणाचेच काही बिघडत नाही.

दुसरा गट म्हणतो, यादी पुरेशी नाही, आलेली पत्रे पाहिलीच पाहिजेत. त्यांच्या भीतीला आधार आहे. मुलाचे शोषण करणारा किंवा त्याला छळणारा बहुतेकदा ओळखीचाच असतो, आणि यादीतल्या माणसाकडूनही त्रास होऊ शकतो. वर्गातल्या मुलांनी चालवलेली टिंगल तर यादीतूनच येते.

तिसरे म्हणणे मुलांच्या हक्कांची बाजू घेणाऱ्यांचे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात, ज्यात भारत १९९२ मध्ये सामील झाला, सोळावे कलम मुलाच्या खासगीपणात आणि पत्रव्यवहारात मनमानी हस्तक्षेप करायला मनाई करते. तेरावे कलम माहिती मिळवण्याचा हक्क देते. त्याच कराराचे पाचवे कलम मात्र पालकांचे मार्गदर्शन मान्य करते आणि ते मुलाच्या वाढत्या क्षमतेला धरून असावे असे सांगते. म्हणजे करार कोणा एकाच्या बाजूने निकाल देत नाही. सहा वर्षांच्या आणि सोळा वर्षांच्या मुलाला एकच नियम लावू नका, एवढे तो ठामपणे सांगतो. ब्रिटनच्या बालस्नेही रचनेच्या संहितेने यात एक व्यवहार्य भर घातली: पालकांना मुलावर लक्ष ठेवायची सोय दिली असेल, तर आपल्यावर लक्ष ठेवले जात आहे हे मुलाला ठळकपणे दिसले पाहिजे. चोरून वाचण्याला तिथे जागा उरत नाही.

मला स्वतःला ही शेवटची अट सगळ्यांत मोलाची वाटते. यादी मुलाला माहीत असते. ती कशी वाढवायची यावर घरात बोलता येते, भांडता येते. गुपचूप वाचलेले पत्र एक दिवस उघडकीला येते आणि त्यानंतर मूल संकटात सापडले तरी घरी सांगत नाही.

अभ्यास काय म्हणतात

मुलांच्या ई-मेलवरच्या नियंत्रणाचा वेगळा, भरवशाचा अभ्यास फार नाही. आजूबाजूच्या संशोधनावरून अंदाज बांधावा लागतो.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या डेव्हिड फिंकेलहोर यांच्या केंद्राने दहा ते सतरा वयाच्या मुलांची तीन सर्वेक्षणे केली. ऑनलाइन नको असलेली लैंगिक विचारणा झाल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण २००० मध्ये १९ टक्के होते, ते २००५ मध्ये १३ आणि २०१० मध्ये ९ टक्क्यांवर आले. वर्तमानपत्री भीती वाढत असताना हे प्रमाण घटत होते. पण त्यानंतर सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन आला आणि धमकावून चित्रे मागण्याचे नवे प्रकार सुरू झाले, त्यामुळे या आकड्यांवर आज विसंबता येणार नाही.

ऑक्सफर्डच्या अँड्र्यू प्शिबिल्स्की आणि व्हिक्टोरिया नॅश यांना २०१८ च्या अभ्यासात घरगुती इंटरनेट फिल्टरांचा किशोरवयीनांना लक्षात येण्याजोगा फायदा दिसला नाही. त्यांनी संकेतस्थळांचे फिल्टर तपासले होते, इनबॉक्स नव्हे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या सॉनिया लिव्हिंगस्टन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या पालकांच्या पद्धती तपासल्या. बंधने घालणाऱ्या घरांतल्या मुलांना धोके कमी भेटतात, पण संधीही कमी मिळतात. सोबत बसून शिकवणाऱ्या घरांतल्या मुलांना संधी जास्त आणि धोकेही काहीसे जास्त. दोन्हींपैकी काय पसंत करायचे हे आकडेवारी सांगू शकत नाही.

आणि मुलांचे काय मत? २०१८ मध्ये पामेला विस्नियेव्स्की यांच्या गटाने पालक-नियंत्रणाच्या ३७ अॅप्सवर मुलांनी लिहिलेले ७३६ अभिप्राय वाचले. त्यांतल्या ७९ टक्के मुलांनी पाचपैकी दोन किंवा कमी तारे दिले होते. रागावलेलीच मुले अभिप्राय लिहायला जातात, हे धरूनही त्यांच्या तक्रारीतला मुद्दा उरतो: आईबाप बोलायचे सोडून अॅप लावतात. काही मुलांनी मात्र सुरक्षित वाटल्याचेही लिहिले होते, विशेषतः जिथे साधनाने त्यांना स्वतःला काही ठरवू दिले होते.

भारतीय कायद्यातली मोकळी जागा

भारतात व्यावसायिक ई-मेलसाठी स्वतंत्र कायदा नाही. गुन्हा घडला तर मात्र तरतुदी आहेत. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या अकराव्या कलमात लैंगिक हेतूने मुलाशी इलेक्ट्रॉनिक माध्यमातून वारंवार संपर्क साधणे हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६७ ब कलम मुलांना अशा संबंधांकडे ओढण्याला शिक्षा सांगते. मदतीसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे क्रमांक आहेत. ही सगळी व्यवस्था पत्र येऊन गेल्यानंतरची.

पत्र येण्याआधीचा विचार २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमात आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण त्यात मूल आहे. त्याची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळता येणारी संमती हवी, आणि त्याचा माग ठेवणे किंवा त्याला लक्ष्य करून जाहिरात करणे मना आहे. ब्रिटन-अमेरिकेत ही संमतीची रेषा तेराव्या वर्षी आहे. युरोपीय संघात ती सोळा असून सदस्य देशांना तेरापर्यंत उतरवता येते. त्यामानाने आपली रेषा फार वर आहे.

पण नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांच्या चौथ्या अनुसूचीत एक सूट आहे, तिची चर्चा व्हायला हवी तेवढी झालेली नाही. केवळ ई-मेलने संपर्क साधण्यासाठी खाते उघडायचे असेल, तर त्यासाठी आवश्यक तेवढ्या बाबतीत पालकाच्या संमतीची अट आणि माग ठेवण्यावरची मनाई लागू नाही. म्हणजे गेमच्या खात्याला आईची संमती लागेल, ई-मेलच्या खात्याला लागणार नाही. सूट देण्यामागचे कारण समजण्यासारखे आहे: परीक्षा, प्रवेश, शिष्यवृत्ती सगळ्यांना ई-मेल लागतो, आणि ज्यांचे आईबाप कागदपत्रे दाखवू शकत नाहीत अशी मुले अडकून पडली असती. ब्रिटनचा २०२३ चा ऑनलाइन सुरक्षा कायदाही फक्त ई-मेल असलेल्या सेवांना वगळतो, आणि सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांपासून दूर ठेवणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या नियमांतूनही ई-मेल वगळला आहे. तीन देशांनी आपापल्या कारणांनी ई-मेलला बाहेर ठेवले. कायद्याचे दार इतर ठिकाणी बंद होत असताना इथे उघडे राहते आहे. त्यामुळे मुलांकडे जाणारी वाहतूक या बाजूला वळेल का, हे पाहावे लागेल. आपल्या कायद्यातल्या या तरतुदी प्रत्यक्ष लागू व्हायला अधिसूचनेपासून अठरा महिन्यांची मुदत आहे.

जे सुटलेले नाही

यादी कोणाच्या हातात असावी, या प्रश्नाचे 'पालकांच्या' हे उत्तर पालक एकत्र राहतात असे गृहीत धरते. घटस्फोटाच्या वादात आई किंवा वडील दुसऱ्याचा पत्ता यादीतून काढू शकतात, आणि तांत्रिकदृष्ट्या ते दोन सेकंदांचे काम आहे. २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने भेटीच्या हक्काबरोबर संपर्काच्या हक्काचाही विचार केला. पालक वेगळ्या राज्यांत किंवा देशांत असतील तर मुलाला दुसऱ्या पालकाशी फोनवर, व्हिडिओवर बोलता आले पाहिजे, असे म्हटले. परदेशी नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांत असे वाद नवे नाहीत. पण न्यायालयाने दिलेला संपर्काचा हक्क आणि एका पालकाच्या हातातली यादी यांची सांगड कशी घालायची, याचे उत्तर ना कायद्यात आहे ना कोणत्या कंपनीच्या सेटिंगमध्ये. माझ्या मते ताब्याच्या आदेशांत आता मुलाच्या खात्यांचाही स्पष्ट उल्लेख व्हायला हवा.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. त्रास घरातूनच होत असेल तर? मुलाने समुपदेशकाला लिहिले, आणि त्याचे उत्तर यादीत अडले किंवा आधी वडिलांनी वाचले, तर साधन छळणाऱ्याच्या बाजूने काम करते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ च्या पंचविसाव्या सामान्य टिप्पणीत मुलांच्या समुपदेशन सेवांना पालकसंमतीच्या अटीतून सूट द्यावी असे सांगितले आहे. पाळत ठेवणाऱ्या अॅप्समध्ये मात्र काही पत्ते कोणत्याही पालकाला अडवता किंवा वाचता येऊ नयेत, अशी सर्वमान्य रचना नाही. ती कठीण नाही. बालसाहाय्य संस्थांचे पत्ते अशा यादीत आपोआप असावेत, एवढा नियमही पुरेल.

राहिला वयाचा प्रश्न. कोणत्या वयात यादी सैल करायची, कधी काढून टाकायची, यावर संशोधकांचे एकमत नाही, कायद्यांचे तर नाहीच. बारापर्यंत यादी, त्यानंतर दोन-तीन वर्षे मुलाने सुचवावे आणि पालकाने मान्य करावे, पुढे फक्त फिल्टर, असा क्रम बरेच शिक्षक सुचवतात आणि मला तो पटतो. पण आपल्याकडच्या घरांत एक वेगळीच गोष्ट आडवी येते. मुलाचे खाते बहुधा बाबांच्या नाहीतर आईच्या फोनवर उघडलेले असते, ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येतो आणि खाते परत मिळवायचा क्रमांकही त्यांचाच असतो. मूल अठरा वर्षांचे होते, दुसऱ्या शहरात शिकायला जाते, बँकेचे आणि महाविद्यालयाचे कागद त्याच पत्त्यावर येऊ लागतात. तरी खात्याची किल्ली घरीच राहते. ती मुलाच्या हाती कधी द्यायची, याबद्दल सेवा देणाऱ्या कंपन्या मौन पाळून आहेत, आणि घरांत हा विषय सहसा निघतो तो खाते बंद पडल्यावर.